पहिल्या प्रतीचा खर्च
(मराठी भाषा विभागाच्या मंत्रिमहोदयांस खुले पत्र)

माननीय मंत्रिमहोदय,
मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन, यांस



३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून आपल्या विभागाकडे येणाऱ्या प्रस्तावांना ऊत आला असेल, असा माझा तर्क आहे. कोणी जुने कोश संगणकावर आणण्याची योजना मांडीत असेल, कोणी संतवाङ्मय ध्वनिमुद्रित करण्याची, कोणी मोबाइलवर चालणाऱ्या अ‍ॅपची, तर कोणी कापडी बांधणीच्या संग्राह्य आवृत्तीची. आणि प्रत्येक प्रस्तावाच्या शेवटी खर्चाचा एक तक्ता जोडलेला असेल. हे तक्ते मंजुरीसाठी आपल्यापुढे येतील तेव्हा ते कोणत्या दृष्टीने वाचावेत, याविषयी ज्याचे आयुष्य छापखाना आणि संपादकीय कचेरी यांच्यामध्ये येरझारा घालीत मुद्रिते तपासण्यात गेले अशा एका मनुष्याला जे सांगावेसे वाटते, ते या पत्रात आहे. पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच की, हा पैसा सार्वजनिक आहे, आणि त्याचा हिशेब कसा मांडला जातो हे वाचकांनाही कळले तर बरे.

अशा तक्त्यांत कागद, छपाई, बांधणी, संकेतस्थळाची रचना, ध्वनिमुद्रणगृहाचे भाडे, प्रकाशनसमारंभ या रकमा दुरूनही वाचता याव्यात इतक्या ठळक असतात. आणि मजकूर सिद्ध करण्याचा खर्च मात्र ‘लेखकांचे मानधन’ या नावाखाली शेवटून दुसऱ्या ओळीत जुजबी रकमेच्या रूपाने ओशाळवाणा उभा असतो. वस्तुतः ज्ञानविषयक कोणत्याही कृतीचा बहुतांश खरा खर्च तिची पहिली प्रत सिद्ध होईपर्यंतच होऊन गेलेला असतो. ती प्रत कागदावर उतरो, पडद्यावर उतरो की आवाजात उतरो, तिच्यापूर्वी नोंदींचा आराखडा, योग्य लेखकाचा शोध, त्याच्याकडून लेख वेळेवर मिळावा म्हणून केलेला पत्रव्यवहार, तज्ज्ञाची तपासणी, परिभाषेची एकवाक्यता, आकृत्या, नकाशे आणि सरतेशेवटी ओळीगणिक बोट फिरवीत केलेले मुद्रितशोधन, एवढे सारे घडून गेलेले असते. पुढे दुसऱ्या प्रतीपासून जो खर्च येतो तो रूपाचा. आणि कोणते रूप घ्यावे हा प्रश्न कितीही जिव्हाळ्याचा असला तरी अनुक्रमाने दुसराच आहे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच विभागाच्या दफ्तरात आहे. १९६० च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाची स्थापना झाली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय कृष्णाकाठी वाईस थाटले गेले. पहिला खंड वाचकांच्या हाती पडला तो १९७६ साली, आणि विसाव्या खंडाचा उरलेला भाग निघाला २०१५ साली. पहिल्या खंडापूर्वीच्या त्या पंधरासोळा वर्षांत पगार चालू होते, पत्रे जात-येत होती, शब्दांवर वाद होत होते, परंतु दुकानात मांडून विकता येईल असे काहीही जवळजवळ निघत नव्हते. केवळ रूपाकडे पाहणारा एखादा लेखापरीक्षक त्या काळात वाईस जाऊन बसला असता तर त्याने हा सर्व खर्च ‘निष्फळ’ या सदरात टाकून मोकळे व्हावे, अशीच परिस्थिती होती. आज तोच मजकूर संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतो, परदेशात नोकरी करणारा मराठी गृहस्थ रात्री दोन वाजता तो उघडतो, आणि त्याला असे वाटते की ही सगळी संगणकाची किमया! किमया आहे यात संशय नाही. पण तिची किंमत वाईच्या त्या कारकुनी वाटणाऱ्या वर्षांनी आधीच चुकती करून ठेवली होती.

त्यापूर्वी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी हाच डोंगर दुसऱ्या बाजूने चढून पाहिला. सरकारी तिजोरी पाठीशी नसल्याने त्यांनी ज्ञानकोशासाठी भागभांडवलाची कंपनी काढली, वर्गणीदार मिळविले, आणि १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड पुरे केले. या उद्योगाचा इतिहासही त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने लिहून ठेवला आहे. कोशकाराने आपल्या विद्वत्तेइतकाच आपल्या कारखानदारीचाही वृत्तान्त लिहावा असे त्यांस वाटले, यातच पुष्कळ काही आले. पहिल्या प्रतीचा खर्च वर्गणीदारांकडून आगाऊ वसूल करावा लागल्यामुळे केतकरांना घाई होती, आणि सरकारने तो उचलल्यामुळे वाईच्या मंडळींना सवड होती. घाईचे दोष ज्ञानकोशात दिसतात आणि सवडीचे दोष विश्वकोशात. त्यांतील कोणते अधिक क्षम्य, याचा निवाडा मी करीत नाही. परंतु पैसा कोठून आणि केव्हा येतो, याचा परिणाम ग्रंथाच्या अंतरंगापर्यंत पोहोचतो एवढे दोहोंवरून स्पष्ट होते.

आता रूपांकडे वळतो, आणि आरंभ कागदापासूनच करतो, कारण माझी त्याच्याशी ओळख जुनी आहे. डेमी आकाराच्या एका तावातून सोळा पृष्ठांचा एक फर्मा निघतो. एक हजार पृष्ठांचा ग्रंथ म्हणजे साडेबासष्ट ताव. त्याच्या हजार प्रती काढावयाच्या तर साडेबासष्ट हजार ताव, म्हणजे पाचशे तावांच्या हिशेबाने वाया जाणारा कागद सोडून १२५ रीम. कागद सत्तर ग्रॅमचा घेतला तर एकेका प्रतीत सुमारे ११७० ग्रॅम कागद भरतो, आणि पुठ्ठा धरण्यापूर्वीच आवृत्तीचे वजन जवळजवळ बाराशे किलो होते. ते वजन कोठेतरी ठेवावे लागते, उचलावे लागते, पावसाळ्यात उंदीर आणि ओल यांपासून राखावे लागते, आणि गडचिरोलीच्या वाचनालयापर्यंत पोहोचवावे लागते. हिशेबाच्या सोयीसाठी असे धरू की, मजकूर सिद्ध करण्यास दहा लाख रुपये लागले आणि प्रत्येक प्रतीचा कागद, छपाई व बांधणी यांस चारशे रुपये पडले. हजार प्रती काढल्या तर प्रत चौदाशेला पडते, पाच हजार काढल्या तर सहाशेला. हा उतार पाहून मोह असा होतो की पन्नास हजारच काढाव्यात, म्हणजे प्रत चारशेवीसला पडेल! तेथेच फसगत आहे. प्रतीची किंमत उतरली तरी गुंतवणूक चौदा लाखांवरून दोन कोटी दहा लाखांवर चढलेली असते, आणि न खपलेली प्रत ही चारशेवीस रुपयांची नसून रद्दीच्या भावाची असते.

उलट दिशेची फसगतही आपण पाहिली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड हे महाराष्ट्र शासनाचे सर्वांत मागणी असलेले प्रकाशन. त्यांच्या नऊ लाख प्रतींसाठी सुमारे पाच कोटी पंचेचाळीस लाख रुपयांचा कागद घेतला गेला आणि प्रत्यक्षात प्रती छापल्या गेल्या तेहेतीस हजार, अशी बातमी वृत्तपत्रात आली, तेव्हा २०२१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. येथे मजकूर सिद्ध होता, वाचक रांगेत उभा होता, कागदसुद्धा गुदामात होता; नव्हती ती फक्त या तिघांची गाठ घालून देणारी योजना. छपाईचा खर्च हा असा मानी असतो की, त्याला अर्ध्यावर थांबवून चालत नाही. गुदामातला कागद हा ग्रंथाचा अर्धा भाग नव्हे, तो निव्वळ कागद.

पडद्यावरच्या रूपाला हे वजन नाही. एकाने वाचले काय आणि लाखाने वाचले काय, प्रतीचा खर्च जवळजवळ शून्य. म्हणून पुष्कळांची अशी समजूत होते की एकदा संकेतस्थळ उभे राहिले की प्रश्न मिटला. लग्नाचा खर्च झाला म्हणजे संसाराचा खर्च झाला, असे मानण्यासारखेच हे आहे. समारंभाला निधी मिळतो, बटण दाबले जाते, छायाचित्रे निघतात; आणि तिसऱ्या वर्षी सर्व्हरचे भाडे, सुरक्षेची डागडुजी, नव्या मोबाइलवर जुनी पाने न उघडण्याची तक्रार, यांसाठी कोणत्या लेखाशीर्षातून पैसे काढावेत याची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरू लागते. वर्षाला दोन लाख रुपये या डागडुजीस लागतात असे धरले तर मघाच्या उदाहरणातील मजकूर सिद्ध करण्याइतका खर्च पाच वर्षांत होतो, आणि तो सहाव्या वर्षीही थांबत नाही. कागदाचा खर्च एकदम येतो व संपतो. पडद्याचा खर्च थोडाथोडा येतो आणि कधीच संपत नाही. त्यांपैकी कोणता जड, हे आपण किती वर्षांचा विचार करीत आहोत यावर अवलंबून आहे, आणि आपले अंदाजपत्रक तर एका वर्षाचे असते.

या बाबतीत इंग्लंडात घडलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १०८६ साली तेथील राजाने आपल्या राज्याची जमीन, जनावरे व माणसे यांची जी पाहणी करविली, तिचे चर्मपत्रावरील दफ्तर ‘डूम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध असून ते आजही वाचता येते. तिच्या नवशे वर्षांच्या निमित्ताने १९८६ साली बीबीसीने त्या काळच्या अत्याधुनिक लेझर तबकड्यांवर नवी पाहणी सिद्ध केली. खर्च सुमारे पंचवीस लाख पौंड. सोळा वर्षे लोटतात न लोटतात तोच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली, आणि त्यांतील माहिती बाहेर कशी काढावी यासाठी संशोधकांना स्वतंत्र प्रकल्प हाती घ्यावा लागला. जुने दफ्तर टिकले ते चर्मपत्राच्या गुणाने खरे; परंतु ते वाचण्यासाठी डोळ्यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही यंत्राची गरज नव्हती, हेही तितकेच खरे.

आपल्याला इतक्या दूर जाण्याचे कारण नाही, कारण मराठीची लेझर तबकडी म्हणजे युनिकोडपूर्व फॉन्ट. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, तरी त्यानंतर कितीतरी वर्षे आपली मराठी टंकमुद्रणे ज्या-त्या कंपनीच्या ज्या-त्या फॉन्टच्या खासगी संकेतांत होत राहिली. त्यामुळे ग्रंथ छापून निघाला तरी त्याची संगणकीय प्रत ही अक्षरांची नव्हे, तर अक्षरांच्या आकारांची मालिका होती. त्या फायली आज युनिकोडमध्ये वळवावयास घ्याव्यात तर ‘स्थिती’ या शब्दातील पहिली वेलांटी सुटून पुढे जाते आणि ‘िस्थती’ असा प्रकार हाती येतो. वाचणारा मनुष्य तो मनातल्या मनात सुधारून घेतो; पण शोधयंत्राला मन नसते, त्यामुळे ‘स्थिती’ शोधणाऱ्यास ते पान सापडतच नाही. रफार भलत्याच अक्षरावर बसतो, ‘ऱ्या’ चा ‘र्या’ होतो, आकडे कधी इंग्रजी होतात आणि कधी नाहीसेच होतात. रूपांतर करणारा मक्तेदार नमुन्याची दहा पाने स्वच्छ करून दाखवितो आणि उरलेली नऊशेनव्वद यंत्राच्या हवाली करतो. ती नऊशेनव्वद पाने कोणीतरी पुन्हा पहिल्यापासून वाचली पाहिजेत, आणि त्या वाचनाचा खर्च निविदेत कोणीही धरलेला नसतो. मी अशी पाने वाचली आहेत. छापील ग्रंथ समोर ठेवून पडद्यावरची ओळ तपासण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ती ओळ नव्याने टंकित होऊन, तपासूनही झाली असती, असा अनुभव कित्येकदा येतो.

ध्वनिग्रंथांची सध्या चलती आहे, आणि ती मला मनापासून आवडते. प्रवासात, स्वयंपाक करताना, डोळे थकलेले असताना ऐकण्याचे सुख निराळेच. परंतु सरसकट सर्वच माहिती आवाजात आणावी, या उत्साहाला आवर घालणे भाग आहे. हजार डेमी पृष्ठांत साडेतीनशे शब्दांप्रमाणे साडेतीन लाख शब्द येतात. मिनिटास एकशेवीस शब्दांच्या गतीने ते वाचावयास सुमारे साडेअठ्ठेचाळीस तास लागतात, आणि हा ऐकणाऱ्याचा काळ झाला. ध्वनिमुद्रण करणाऱ्यास चुका, श्वास, खाकरणे, खिडकीबाहेरचा कर्णा हे सर्व कापून काढावयाचे असल्याने त्याच्या कित्येक पट वेळ द्यावा लागतो. त्यातून मजकूर कोशाचा असेल तर अडचणी पावलागणिक येतात. ‘इ. स. पू.’ हे तीन संक्षेप ‘इसवी सनापूर्वी’ असे उलगडून वाचावेत, हे निवेदकास कोणीतरी आधी लिहून दिले पाहिजे. मूलद्रव्यांच्या अणुभारांचे कोष्टक समोर आले की निवेदक काचेपलीकडे पाहू लागतो. ते आडवे वाचावे की उभे? आडवे वाचले तर ऐकणाऱ्याला स्तंभ समजत नाही, उभे वाचले तर ओळ समजत नाही, आणि गाळले तर नोंदीचा जीवच जातो. अखेरीस संपादकाला त्या कोष्टकाचे चार वाक्यांत नवे निरूपण लिहावे लागते, म्हणजेच जो खर्च एकदा होऊन गेला असे आपण समजत होतो तो पुन्हा करावा लागतो.

आणि दुरुस्ती? छापील ग्रंथात चूक सापडली तर शुद्धिपत्र चिकटविता येते. पडद्यावर ती दोन मिनिटांत सुधारते. आवाजात मात्र एका जिल्ह्याचे नाव बदलले तरी त्याच निवेदकास बोलवावे लागते, त्याचा घसा त्या दिवशी तसाच असावा लागतो, नाहीतर मध्येच एक वाक्य दुसऱ्याच माणसाने दुसऱ्याच खोलीत उच्चारल्यासारखे कानाला खटकते. चरित्रे, प्रवासवर्णने, बालकथा, व्याख्याने यांच्या ध्वनिमुद्रणास सढळ हाताने मंजुरी द्यावी. जी माहिती दरसाल बदलते तिच्या ध्वनिमुद्रणाच्या प्रस्तावावर मात्र, माझे मत विचाराल तर, ‘पुनर्विचारार्थ परत’ असा शेरा मारावा.

ब्रेलचा हिशेब या सर्वांहून वेगळा आहे, आणि येथे मी प्रतीच्या किमतीचा मुद्दाच बाजूस ठेवणार आहे. साडेतीन लाख शब्दांचा तो ग्रंथ भारती ब्रेलमध्ये उतरविला तर ढोबळ अंदाजाने तीन हजारांच्या आसपास पृष्ठे होतात, तीही जाड कागदाची. एक खंड म्हणून जो हातात मावत होता त्याची कपाटातली एक फळी होते. दर प्रतीस किती वाचक लाभले, या प्रश्नाचे उत्तर येथे नेहमीच लाजविणारे येणार. परंतु २००८ पासून स्वागत थोरातांनी ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक मराठीत चालवून दाखविले. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या स्वामित्वहक्काच्या कायद्याने अंध वाचकांसाठी ग्रंथांचे रूपांतर करण्यास मुभा दिली. आणि त्याच हेतूने झालेल्या माराकेश करारास २०१४ साली मान्यता देणारा पहिला देश भारत होता. कायद्याची वाट मोकळी आहे, वाचक आहेत, आणि मजकूर युनिकोडमध्ये निर्दोष असेल तर त्याचे ब्रेल करण्यास आज पूर्वीसारखे प्रत्येक ठिपका हाताने जुळविण्याचे श्रम पडत नाहीत. वेलांटी सुटलेला मजकूर मात्र ब्रेलमध्येही सुटलेल्या वेलांटीचाच उमटतो, आणि बोटाने वाचणाऱ्यास ती मनात सुधारून घेणे डोळ्याने वाचणाऱ्याइतके सोपे नसते.

सर्वांत लहान रूपाची गोष्टही थोडक्यात सांगतो. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीबाबत शेतकऱ्यास सल्ला द्यावयाचा आहे: हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा, आणि सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडू लागले तर उपाय योजा. घडीपत्रिका, आकाशवाणीवरील भाषण, छोटी चित्रफीत, हे सर्व होऊ शकते. पण वेळेवर पोहोचतो तो मोबाइलवरील संदेश. आता, रोमन लिपीत एका संदेशाच्या आकारात १६० अक्षरे बसतात आणि देवनागरीत केवळ ७०, त्यातही काना-मात्रा-वेलांटी स्वतंत्र मोजल्या जातात. म्हणजे जो सल्ला इंग्रजीत एका संदेशात संपला असता त्यास मराठीत दोन किंवा तीन संदेशांचे पैसे पडतात. शेतकऱ्याच्या भाषेत लिहिण्याचा हा अधिभार कोणत्याही सरकारी निर्णयाने बसविलेला नाही, तो तंत्रातच मुरलेला आहे. म्हणूनच तो अंदाजपत्रकात उघडपणे लिहून ठेवला पाहिजे, नाहीतर काटकसरीच्या नावाखाली एखादा अधिकारी रोमन लिपीतले मराठी पाठविण्याचा हुकूम काढील. (करांच्या बाबतीतही अशीच एक विसंगती आहे: छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, ई-पुस्तकावर तो होता १८ टक्के, आणि २०१८ च्या जुलैत तो ५ टक्क्यांवर आला तोही ज्याची छापील आवृत्ती आहे अशाच ई-पुस्तकापुरता. हे आपल्या अखत्यारीतील नव्हे, परंतु वस्तू व सेवा कर परिषदेत बसणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांच्या कानावर घालावे.)

या सर्व रूपांच्या गर्दीत टिकते काय, हे पाहावयाचे असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहावा. मुंबई सरकारच्या आश्रयाने, शास्त्रीमंडळींना पगार देऊन, गावोगावचे शब्द गोळा करवून तो १८३१ मध्ये प्रथम निघाला. १८५७ मध्ये त्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती झाली. १९७५ मध्ये पुण्यात ती पुन्हा छापली गेली. आणि पुढे शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई भाषांच्या कोशांबरोबर तिला संगणकावर आणून सर्वांस खुली केली. रूपे बदलत गेली, त्या-त्या रूपाचा खर्च त्या-त्या पिढीने दिला, पण १८५७ नंतर मजकुरासाठी कोणालाच नव्याने खिशात हात घालावा लागला नाही. कंपनी सरकारच्या हेतूंबद्दल आपणास काहीही म्हणता येईल. शास्त्र्यांच्या पगाराची ती नोंद मात्र मराठीच्या खात्यावरील सर्वांत फायद्याच्या खर्चांपैकी एक आहे, यात मला शंका नाही.

आपल्या विभागाची अडचण मी जाणतो. मजकुराचे उद्घाटन करता येत नाही. संपादकाने सहा महिने बसून दोनशे नोंदी सुधारल्या तर त्याचे छायाचित्र काय काढणार? शिवाय मार्चअखेर अखर्चित रक्कम परत जाते, आणि कागद एका दिवसात विकत घेता येतो तसे संपादन घेता येत नाही. तेव्हा जे त्वरित खर्ची पडते त्याकडे निधी वळतो. हा कोणा एका अधिकाऱ्याचा दोष नसून लेखाशीर्षांच्या रचनेचा आहे, आणि म्हणून तो आपल्या सहीने दूर होण्यासारखा आहे.

ज्ञानविषयक प्रत्येक प्रस्तावात मजकूर, रूप आणि जतन ही तीन लेखाशीर्षे वेगळी करावीत, पहिल्यातून तिसऱ्यात किंवा दुसऱ्यात रक्कम वळविण्यास बंदी असावी, आणि जतनाची तरतूद दहा वर्षांची लिहून दिल्याखेरीज कोणत्याही संकेतस्थळास वा अ‍ॅपला प्रशासकीय मान्यता मिळू नये. मक्तेदाराने शेवटच्या हप्त्यापूर्वी संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये, तपासलेला, शासनाच्या मालकीचा म्हणून हवाली करावा, व त्यातील कोणतीही शंभर पाने विभागाने आपल्या मुद्रितशोधकाकडून वाचवून घेतल्यावरच बिल चुकते व्हावे. नमुन्याची पाने मक्तेदाराने निवडू नयेत, एवढी एक अट घातली तरी पुष्कळ काम होईल. कागदास रजा देऊ नये. परंतु १९५४ च्या कायद्यान्वये ज्या चार ग्रंथालयांस प्रत द्यावी लागते ती, आणि राज्यातील ‘अ’ व ‘ब’ वर्गाची मान्यताप्राप्त ग्रंथालये, एवढ्यांना पुरतील तेवढ्या प्रती चांगल्या कागदावर काढून बाकीची हौस मागणीनुसार छापण्यावर सोपवावी.

आरंभ विश्वकोशाच्या पहिल्या खंडापासून व्हावा, अशी सूचना करतो. वर्णानुक्रमाने छापल्या जाणाऱ्या कोशाचा हा एक विचित्र शाप असतो की त्यातील ‘अ’ सर्वांत आधी म्हातारा होतो: १९७६ साली छापलेल्या नोंदी आणि २०१५ साली छापलेल्या नोंदी यांच्यात एकोणचाळीस वर्षांचे अंतर आहे, आणि अणू, अंतराळ, आनुवंशिकी असे ज्यांत सर्वाधिक उलथापालथ झाली ते विषय नेमके आरंभीच्या खंडांत अडकलेले आहेत. संकेतस्थळावर नव्या नोंदींची भर पडते आहे ती स्वागतार्हच. परंतु जुन्या खंडाची अथपासून इतिपर्यंत फेरतपासणी करण्यास किती संपादक, किती तज्ज्ञ आणि किती महिने लागतील, याचा लेखी अंदाज वाईच्या कार्यालयाकडून मागवावा, आणि तो आला की येत्या अर्थसंकल्पात ‘मजकूर’ या एकाच शीर्षाखाली ती रक्कम धरावी. अंदाज मागविण्यास एक पत्र पुरते. त्याची जावक नोंद झाल्याचे समजले तरी या लेखनाचे सार्थक झाले असे मानीन.



आपला नम्र,
एक जुना मुद्रितशोधक